घेर सांगेल ते कापड

टोकियोत निप्पोरी स्टेशनाच्या पूर्वेला कापडाचा एक बाजार आहे. किलोमीटरभर रस्ता, दोन्ही अंगांना मिळून ऐंशी-नव्वद दुकानं. एकात नुसती बटणं, दुसऱ्यात चामडं, तिसऱ्यात लेस, आणि कुठे दारातच मीटरला शंभर येन दराने काढलेले उरलेसुरले तागे. शहरातल्या हाराजुकू भागात ज्यांचे फोटो काढायला परदेशातून लोक येतात ते झालरीचे लोलिटा पोशाख नामांकित दुकानांत शिवून तयार मिळतात, तसेच या बाजारातून कापड नेऊन घरच्या यंत्रावरही शिवले जातात. मला या घरी शिवलेल्या पोशाखांबद्दल लिहायचं आहे. घरी शिवणारीला ताग्याच्या कापडाचं बंधन नसतं. आजीचा जुना किमोनो, खिडकीचा पडदा, पलंगपोस, टेबलावरचं कापड, पारदर्शक प्लास्टिक, हातकागद, जे हाती येईल ते ती दोन बोटांत धरून चुण्या पाडून बघते. याला घेर येईल का, एवढाच तिचा प्रश्न असतो.

आधी पोशाखाची ओळख करून घेऊ. हाराजुकूत १९७० साली हितोमी ओकावा यांनी ‘मिल्क’ नावाचं दुकान काढलं, तिथल्या लेस-फितींच्या मुलायम कपड्यांपासून या वेशाचा माग लागतो. १९८८ मध्ये ‘बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट’ सुरू झालं. १९९९ मध्ये ‘मालिस मिझेर’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक माना याने ‘म्वा-मेम-म्वातिए’ हे आपल्या नाममुद्रेचं दुकान काढलं आणि या वेशाची काळी, गंभीर शाखा लोकप्रिय केली. अठराव्या शतकातलं फ्रान्स आणि व्हिक्टोरियाच्या काळातलं इंग्लंड यांच्या पोशाखांतून निवडून घेतलेल्या गोष्टी जपानी मुलींनी स्वतःच्या मर्जीने जुळवल्या आणि त्याचा वेश झाला. नाबोकोव्हच्या कादंबरीशी त्याचं नाव जुळतं, पण वेशाचा तिच्याशी संबंध नाही. गळ्यापर्यंत बंद, गुडघ्यापर्यंत लांब, अंग झाकणारा असा हा पोशाख आहे आणि तो घालणाऱ्या स्वतःच्या आनंदासाठी घालतात.

घरी शिवण्याची परंपरा या वेशात पहिल्यापासून आहे. २००१ मध्ये निघालेल्या ‘गॉथिक अँड लोलिटा बायबल’ या नियतकालिकात फोटोंसोबत शिवणाचे कागदी नमुने येत. पुढे ‘ओतोमे नो सोइंग’ ही तर निव्वळ नमुन्यांचीच पुस्तकमालिका निघाली. नोवाला ताकेमोतो यांच्या २००२ च्या ‘शिमोत्सुमा मोनोगातारी’ या कादंबरीची (तिच्यावर २००४ मध्ये तेत्सुया नाकाशिमा यांनी चित्रपट केला) नायिका मोमोको खेड्यात राहते, कपड्यांसाठी रेल्वेने टोकियो गाठते आणि तिच्या हाताला भरतकामाची विलक्षण कला आहे. मोटरसायकलवाल्या मैत्रिणीच्या कोटावर ती जे भरतकाम करते त्यावर गोष्टीचं एक महत्त्वाचं वळण उभं आहे. नामांकित दुकानातला एक झगा फार महाग पडतो, हेही घरी शिवण्याचं एक साधं कारण आहेच.

या वेशाचे नियम कडक आहेत. आत पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, वर बहुधा बिनबाह्यांचा झगा, डोक्यावर फीत किंवा टोपी, आणि कमरेखाली घंटेसारखा फुगलेला घेर. हा घेर पडला नाही तर बाकीचं सगळं असूनही पोशाख उभा राहत नाही. रंग, नक्षी, कापडाची जात यांबाबत मात्र मोकळीक पुष्कळ आहे. आकार इतका पक्का ठरलेला असल्यामुळेच कापडाशी धीटपणे खेळता येतं असं मला वाटतं. आकार तोच राहिल्यामुळे पडद्याच्या कापडाचा झगाही बघणाऱ्याला लोलिटाच दिसतो.

घेराचं गणित आपल्या परकरासारखंच आहे: एक लांब आयत, वरच्या कडेला चुण्या घालून कमरेएवढा आवळलेला. फरक चुण्यांच्या प्रमाणात आणि खालच्या आधारात. लोलिटा झग्याला कमरेच्या अडीच ते तीनपट घेर लागतो. कंबर ६६ सेंटीमीटर असेल तर खालचा घेर १७० ते दोनशे सेंटीमीटर. नेहमीचं सुती ब्रॉडक्लॉथ चौरस मीटरला साधारण सव्वाशे ग्रॅम भरतं. ५५ सेंटीमीटर लांबीचा आणि दोन मीटर घेराचा झगा त्यातून शिवला तर खालच्या भागाचं वजन दीडशे ग्रॅमच्या आत राहतं आणि आतला जाळीचा परकर ते सहज पेलतो. हाच घेर चौरस मीटरला तीनशे ग्रॅम भरणाऱ्या पडद्याच्या कापडातून काढला की वजन सव्वातीनशेच्या वर जातं. आतला परकर दबतो आणि घंटेचा पंचा होतो. कमरेच्या शिवणीचंही तसंच. तीनपट चुण्या म्हणजे शिवणीत कापडाचे किमान तीन पदर, शिवाय वरच्या भागाचं कापड आणि अस्तर. पातळ सुती कापडात हे कळतही नाही. जाड कापडात यंत्राची सुई तिथे अडते आणि कमरेला दोरखंड बांधल्यासारखा उंचवटा येतो.

म्हणून अनोळखी कापड हाती आलं की आधी पट्टी करून बघावी. साठ सेंटीमीटर लांब आणि वीतभर रुंद तुकडा घ्यायचा, वरच्या कडेला लांब टाक्याच्या दोन समांतर टिपा घालायच्या, खालचे दोरे एकत्र ओढून तो वीस सेंटीमीटरवर आणायचा आणि टेबलाच्या कडेवर असा धरायचा की चुण्या बाहेर लोंबतील. मांजरपाट कडेपासून थोडं पुढे झेपावतं आणि मग वळतं. ऑर्गंडी जवळजवळ आडवी राहते. क्रेप, जॉर्जेट किंवा वापरून मऊ झालेलं रेशीम सरळ खाली पडतं. आणि सोफ्याच्या कापडाच्या चुण्या मुळात आवळल्याच जात नाहीत, दोरा तुटतो. या एका पट्टीवरून त्या कापडाला चुण्या द्यायच्या, पट्ट्या दुमडून प्लीट द्यायच्या की घागऱ्यासारख्या कळ्या कापायच्या, ते ठरतं.

आता किमोनो. जपानमध्ये ‘वा लोलिटा’ नावाचा उपप्रकार आहे: वर किमोनोसारखा एकावर एक येणारा गळा आणि रुंद बाह्या, कमरेला किमोनोवर बांधतात त्या ओबीसारखा पट्टा, खाली लोलिटाचा घेर. दुकानं यासाठी किमोनोसारखी नक्षी छापलेलं सुती किंवा पॉलिएस्टर कापड वापरतात. घरी शिवणारी मात्र अनेकदा खरा किमोनो उसवते. जपानमध्ये जुने किमोनो ढिगाने मिळतात आणि डाग पडलेला, घालण्याजोगा न राहिलेला किमोनो फार थोड्या पैशांत येतो.

किमोनोचं कापड अरुंद पन्ह्याचं विणलेलं असतं, साधारण ३६ ते ३८ सेंटीमीटर. जुन्यांत त्याहूनही थोडं कमी. लांबी बारा मीटरच्या आसपास. त्यातून आठ तुकडे निघतात: दोन बाह्या, अंगाचे दोन, पुढच्या ओव्हरलॅपचे दोन अर्ध्या पन्ह्याचे, गळपट्टी आणि तिच्यावरची पट्टी. सगळ्या कापणी सरळ रेषेत. गळ्याला किंवा काखेला गोलाई कापलेली नसते, जास्तीचं कापड नुसतं दुमडून आत ठेवलेलं असतं. त्यामुळे किमोनो पूर्ण उसवला की हातात पुन्हा आयतच येतात. लोलिटाच्या घेरालाही नेमके आयतच लागतात. इतकं चपखल जुळणारं कापड दुसरं माझ्या माहितीत नाही.

उसवणं हेच मुळात एक शिक्षण आहे. शिवण हाताने घातलेली असते, रेशमी दोऱ्याने, बारीक धावदोऱ्याची. दर चार-पाच टाक्यांनी दोरा कापायचा आणि एका टोकाने हळू ओढायचा की वीतभर शिवण सुटते. गळपट्टी आधी सोडवायची, मग बाह्या, मग बाजू. शिवणीच्या आत मुडपलेला भाग उलगडला की तिथे कापडाचा मूळ रंग दिसतो, ऊन न लागलेला, बाहेरच्यापेक्षा कितीतरी गडद. कमरेच्या आत एक आडवी मुडप शिवलेली असते, पुढे उंची वाढवायला किंवा झिजलेला भाग सरकवायला ठेवलेली. तीही उलगडली की बाहेरून जवळजवळ न दिसणारी एक गडद पट्टी मिळते. नवा झगा शिवताना ही पट्टी मधोमध येऊ द्यायची नाही, नाहीतर घेरावर आडवा डाग दिसत राहतो.

अंगाचा प्रत्येक तुकडा पुढून खांद्यावरून मागे जाणारा असतो, सव्वातीन मीटरच्या आसपास लांब. त्यातून साठ सेंटीमीटरचे पाच तुकडे पडतात. दोन्ही बाजूंना शिवणीला एक-एक सेंटीमीटर सोडलं तर प्रत्येक तुकडा ३४ सेंटीमीटर रुंद उरतो. पाच तुकड्यांचा घेर १७० सेंटीमीटर, म्हणजे ६६ च्या कमरेला अडीचपटीहून थोडा जास्त. दुसऱ्या बाजूच्या तुकड्यातून आणखी पाच मिळतात, म्हणून डाग पडलेले, बसून बसून विरलेले तुकडे बाजूला टाकून चांगले निवडता येतात. शिवणी कापडाच्या मूळ किनारीवर येतात, त्यामुळे दशा सुटत नाहीत आणि ओव्हरलॉकची गरज पडत नाही. बाह्यांतून वरचा भाग निघतो. छोट्या नक्षीच्या ‘कोमोन’ किमोनोत नक्षी बहुधा दोन्ही दिशांनी छापलेली असते, कारण खांद्यावर जोड नसतो आणि एकाच दिशेची नक्षी पाठीवर उलटी झाली असती. झगा शिवणारीला याचा मोठा फायदा आहे. तुकडा उलटा लागला तरी चालतो.

किमोनो उसवून दुसरं काही शिवणं हा अपमान आहे असं काही परदेशी लोकांना वाटतं. जपानच्या घरांत मात्र किमोनो धुण्याची जुनी पद्धतच ती होती. सगळा किमोनो उसवायचा, तुकडे टाके घालून पुन्हा एका लांब पट्टीसारखे जोडायचे, धुवायचे, समुद्रशेवाळाची खळ लावून फळीवर किंवा बांबूच्या काड्यांवर ताणून वाळवायचे आणि पुन्हा शिवायचे. त्यात मोठ्याचा किमोनो लहान मुलाचा होई, पुढे बैठकीच्या उशीचा अभ्रा होई. युकाता नावाचा सुती किमोनो तर शेवटी बाळाच्या लंगोटापर्यंत आणि तिथून फडक्यापर्यंत जात असे. तरीही प्रत्येक किमोनोला कात्री लावावी असं मला वाटत नाही. हाताने रंगवलेला, अखंड, चांगल्या स्थितीतला किमोनो किमोनो म्हणूनच नेसणाऱ्याकडे जावा. डागाळलेले आणि विटलेले ढिगांनी पडलेले असताना त्याला हात लावायचं कारण नाही.

या कापडाचे काही धोके आहेत. ‘चिरिमेन’ हे सुरकुतीचं रेशीम फार मिळतं. त्याच्या बाण्याच्या धाग्यांना जबर पीळ दिलेला असतो. पाणी किंवा वाफ लागली की तो पीळ आवळतो आणि कापड पन्ह्यात बघता बघता आक्रसतं. मुळात पन्हा अरुंद, त्यातले चार सेंटीमीटर गेले की सगळं गणित बिघडलं. त्यावर कोरडी इस्त्री, वर पातळ सुती कापड ठेवून. वाफेचं बटण बंद. जुन्या किमोनोंच्या आत लालभडक रेशमी अस्तर असतं, ते फार देखणं दिसतं आणि झालरीला वापरायचा मोह होतो. ते ओलं झालं की रंग सोडतं आणि शेजारच्या पांढऱ्या लेसला कायमचं गुलाबी करतं. पांढऱ्या चिंधीचा ओला कोपरा दोन मिनिटं दाबून ठेवला की रंग सुटतो का ते कळतं.

‘मेइसेन’ हे १९२० आणि ३० च्या दशकांत तरुण मुलींमध्ये अतिशय चाललेलं रेशीम. इसेसाकी, चिचिबू, आशिकागा या गावांत ते विणलं जाई. त्याची नक्षी मोठी, धीट, कडा किंचित धूसर, आणि लोलिटाच्या घेरावर ती जशी उठते तशी आजची छापील नक्षी क्वचितच उठते. पण स्वस्तात विकायचं म्हणून ते बऱ्याचदा हलक्या प्रतीच्या रेशमाचं विणत आणि आता ते शंभरीकडे आलेलं आहे. दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड हलकेच ताणायचं. बारीक करकर ऐकू आली किंवा उजेडात धरल्यावर धाग्यांमध्ये फटी दिसल्या तर ते घेराला वापरू नये. कमरेच्या चुण्यांवर सगळा भार येतो आणि ते तिथे पहिल्याच दिवशी धसतं. असं कापड पुढच्या पट्टीला, टोपीला, गळ्याच्या फितीला लावावं, आणि तेही मागून पातळ ऑर्गंडी टाचून. खरं तर किमोनोच्या कुठल्याही मऊ रेशमाच्या घेराखाली ऑर्गंडी किंवा कडक लॉनचा दुसरा थर हवाच. दोन्ही थर आधी कडेने टाचायचे आणि मग एकच कापड समजून एकत्र चुण्या घालायच्या. रेशमाचा सुळसुळाट वर राहतो आणि उभं राहण्याचं काम ऑर्गंडी करते.

ओबीचं कापड अगदी उलट स्वभावाचं. क्योतोच्या निशिजिनमधल्या ओबी तीस-एकतीस सेंटीमीटर रुंद आणि चार मीटरहून लांब. विणकाम घट्ट, आणि जरीच्या जागी बऱ्याचदा कागदावर सोन्याचा वर्ख चिकटवून कापलेल्या बारीक पट्ट्या विणलेल्या असतात. मागच्या बाजूला सुटे धागे लांबच लांब धावत असतात. याला चुण्या घालायच्याच नाहीत. याच्यातून कमरेचा रुंद पट्टा, छातीवरची सपाट पट्टी, छोटी पिशवी हे उत्तम होतं. कापण्याआधी कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना टीप घालून घ्यावी, नाहीतर मागचे धागे सुटून सोनेरी पट्ट्या ओघळतात. आणि वर्खावर गरम इस्त्री ठेवू नये, चमक कायमची मरते.

वा लोलिटा शिवताना गळ्याची बाजू विसरून चालत नाही. किमोनोत घालणाऱ्याची डावी बाजू उजवीवर येते. उजवी बाजू डावीवर फक्त मृत व्यक्तीच्या अंगावर घालतात. पाश्चात्त्य पद्धतीच्या बायकांच्या ब्लाउजमध्ये नेमकी उजवी बाजू वर येते, आणि कागदी नमुना तिथून उचलला की झग्याचा गळा मृताच्या वेशाचा होतो. जपानी डोळ्याला हे लांबून दिसतं.

पडदे आणि पलंगपोस यांच्याकडे लोक हौशी काटकसर म्हणून बघतात. मला वाटतं, या वेशाशी त्यांचं नातं त्याहून जुनं आहे. लोलिटा ज्या अठराव्या शतकाकडे बघते, त्या काळी युरोपातल्या बायका फुलांच्या छापील सुती कापडाचे झगे घालत. ते कापड आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावर, मछलीपट्टणच्या आसपास, हाताने रंगवलं जाई आणि सतराव्या शतकात युरोपात प्रथम मोठ्या प्रमाणावर गेलं ते भिंतींवर लावायला, पडद्यांना आणि पलंगपोसांना. तिथून ते अंगावर आलं. त्याचा रंग धुतला तरी जात नव्हता, आणि तशी कला तेव्हा युरोपात कुणाकडे नव्हती. तिथल्या रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांचा धंदा बसू लागला, तेव्हा फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली. ती १७५९ मध्ये उठली. पुढच्याच वर्षी ओबरकाम्फ याने पॅरिसजवळच्या जुई गावी छपाईचा कारखाना काढला आणि मेंढपाळ, झोपाळे, पडक्या कमानी असलेलं ते एकरंगी ‘त्वाल द जुई’ जन्माला आलं. पडद्याच्या दुकानांत ते आजही मिळतं. हेच भारतीय कापड डच व्यापाऱ्यांनी नागासाकीमार्गे जपानलाही नेलं होतं. तिथे त्याला ‘सारासा’ म्हणत, आणि ते इतकं मोलाचं होतं की त्याच्या छोट्या तुकड्यांतून चहाच्या विधीतल्या भांड्यांच्या पिशव्या आणि तंबाखूचे बटवे शिवत. तेव्हा टोकियोतल्या मुलीने फुलाफुलांचा पडदा कापून झगा शिवला तर ती त्या कापडाच्या जुन्या वाटेनेच चाललेली असते.

शिवणाच्या अंगाने पडद्याच्या कापडात तीन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली नक्षीचं माप. पडदा चार पावलांवरून बघायचा असतो, म्हणून एकेक फूल ताटलीएवढं आणि एकेक चित्र हातभर उंच असतं. चुण्यांत मेंढपाळाचं तोंड गडप होतं आणि नुसता पाय दिसत राहतो. अशा कापडाला चुण्यांऐवजी रुंद पेटीप्लीट द्यावी आणि प्रत्येक प्लीटच्या सपाट तोंडावर एकेक चित्र पूर्ण बसवावं. त्यासाठी कापड जास्त लागतं, पण परिणाम असा मिळतो की छापील कापडावर ते मुद्दाम आखलेलं वाटावं. दुसरी गोष्ट जाडी. जाड कापडाला कळ्याच बऱ्या, सहा किंवा आठ, वर अरुंद आणि खाली रुंद. घेर तोच मिळतो आणि कमरेला एकच पदर येतो. तिसरी गोष्ट ऊन. वापरलेल्या पडद्याच्या ज्या घड्या वर्षानुवर्षं काचेकडे असतात, तिथे सूत कुजलेलं असतं, जरी रंग ठीक दिसत असला तरी. प्रत्येक घडी वेगळी ताणून बघायची. मागून रबरी लेप दिलेलं, उजेड अडवणारं कापड तर घेऊच नये. त्यात हवा खेळत नाही आणि लेप शिवणीपाशी तडकतो.

चादरीची गोष्ट सोपी आहे. पन्हा सव्वादोन मीटरचा, त्यामुळे दोन मीटरचा घेर एकाच तुकड्यात, मागे एका जोडावर. फक्त पॉलिएस्टरची भेसळ जास्त असेल तर चुण्या गोल फुगतात, इस्त्रीने बसत नाहीत. एक धागा काढून जाळून बघावा: सूत कागदासारखा वास देऊन भुरभुरीत राख सोडतं, रेशीम केस जळाल्यासारखा वास देतं, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

खिडकीच्या जाळीदार पडद्याचा खालचा काठ आणि जुन्या टेबलपोसाची विणलेली किनार हा मात्र खजिना आहे. लोलिटात लेसची पारख फार कडक असते. स्वस्त, चमकणारी, टोचणारी नायलॉनची लेस पोशाख हलका करते हे या वेशातल्या अगदी नवख्या मुलीलाही माहीत असतं. चांगली सुती लेस महाग, आणि एका झग्याला सहज दहा मीटर लागते. जुन्या टेबलपोसाची क्रोशाची कड उसवून घेतली तर चांगल्या प्रतीची चार-पाच मीटर लेस एकदम हाती येते, धुतलेली, आक्रसून झालेली, आता आणखी न बदलणारी.

प्लास्टिकचं कापड थोडक्यात सांगते. पारदर्शक विनाइलची घेरदार टोपी किंवा झग्यावरून घालायचा पावसाळी अंगरखा छान होतो, आतलं कापड सगळं दिसतं. पण त्यात सुईचं प्रत्येक छिद्र कायम राहतं. टाचणी लावायची नाही, चिमटे लावायचे. टाका साडेतीन-चार मिलिमीटरचा, कारण बारीक टाक्यांची रांग म्हणजे फाडायची रेषच. यंत्राचा पाय चिकटतो म्हणून वर पातळ कागदाची पट्टी ठेवून शिवायचं आणि मग तो फाडून काढायचा. उसवून पुन्हा शिवण्याची सोय नाही, तेव्हा आधी मांजरपाटावर पूर्ण माप करून घेणं भाग आहे.

कागदाला जपानमध्ये कपड्याचा मान आहे. हातकागदाला कोन्न्याकू या कंदाची खळ लावून तो चुरगाळून चुरगाळून मऊ करतात आणि त्याचे अंगरखे शिवतात. नारा इथल्या तोदाइजी मंदिरातल्या शुनिए विधीत भिक्षू आजही कागदी वस्त्रं घालतात. मियागी प्रांतातल्या शिरोइशीत कागदाच्या पट्ट्यांना पीळ देऊन त्याचं सूत विणत. असा मळलेला कागद चुण्यांत फुगून बसतो, पण प्लीट मात्र धारदार धरतो. लोलिटाच्या टोपीला, गळ्याच्या कॉलरला, डोक्यावरच्या फितीला तो फार शोभतो. धुवायच्या भागात तो वापरू नये.

बाहेरचं कापड काहीही असो, घेर आतल्या परकरावर उभा असतो. आपल्याकडे लग्नाच्या घागऱ्याखाली शिंपी कॅनकॅनची जाळी लावतात, तीच जात, फक्त इथे थर जास्त आणि लांबी कमी. वरची पट्टी मीटरभर घेराची, तिला जोडलेली दुसरी दोन मीटरची, तिसरी चार मीटरची, आणि तळाची झालर आठ मीटरची. असे दोन थर घेतले तर तळाला सोळा मीटर झालर होते. नायलॉनची कडक जाळी स्वस्त आहे आणि तिच्या दशा सुटत नाहीत, पण ती मोजे फाडते. म्हणून कडेला उरेब पट्टी लावावी किंवा पायाकडचा आतला थर मऊ कापडाचा ठेवावा. ऑर्गंझा मऊ फुगतो आणि जड कापडाखाली लवकर बसतो. चिरिमेनसारख्या वजनदार रेशमाखाली म्हणून जाळीचाच एक थर हवा. परकर झग्यापेक्षा पाच-सहा सेंटीमीटर आखूड.

काही जणी वायर बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या किंवा पाण्याची नळी गोल करून आत कडी घालतात. १८५६ पासून युरोपात पोलादी कड्यांचे सांगाडे निघाले, त्याचीच ही घरगुती आवृत्ती. लांब झग्याला ती चालते. गुडघ्यापर्यंतच्या झग्यात मात्र बसताना मागची कडी दबते, पुढची वर उचलते, आणि पातळ कापडावर कडीची गोल रेषा उठून दिसते. कमरेला याच पट्ट्या हाडांसारख्या शिवणं मात्र उपयोगी आहे. टोकं जाळून गोल केली की त्या कापड फोडत नाहीत.

जुनं किंवा अनोखं कापड अंगावर टिकायचं असेल तर त्याचा नेहमी बिनबाह्यांचा झगाच करावा, बाह्यांचा पूर्ण पोशाख करू नये. आतला सुती ब्लाउज घाम पितो आणि दर वेळी धुतला जातो, झग्याला फक्त हवा दाखवावी लागते. काखेच्या कडेला आतून सुती कापडाच्या छोट्या चंद्राकृती गाद्या सुट्या टाक्यांनी लावाव्यात आणि मळल्या की बदलाव्यात. दुकानी झग्यांच्या पाठीला इलॅस्टिकच्या ओळींनी चुणलेला भाग असतो, म्हणजे एकच झगा वेगवेगळ्या अंगांना बसतो. जुन्या रेशमात इलॅस्टिक शिवलं तर दर टाक्याला कापड कापलं जातं. तिथे पाठीचा मधला भाग जुळत्या रंगाच्या सुती कापडाचा घालावा आणि ओढ सगळी त्यावर येऊ द्यावी. कमरेला चुण्यांच्या वर चार-पाच सेंटीमीटर कापड न कापता आत दुमडून ठेवावं, खालची दुमड तळहाताएवढी रुंद घ्यावी, आणि रेशमाच्या तुकड्यांचे उभे जोड यंत्राऐवजी हाताने धावदोऱ्याने घालावेत. मुळात ते तसेच घातलेले होते, आणि पुढच्या कुणाला ते कापड उसवायचं झालं तर आयत पुन्हा आयतच हाती येतील.